प्रोटेस्टंट पंथ आणि आधुनिक जग: वेबरचं गणित आज कितपत जुळतं?

अडकित्ता (धागाकर्ता)

आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या अनुयायांना 'आपण तारले जाणार की नाही' याची धास्ती, त्या धास्तीपोटी अखंड काम आणि काटकसर, त्यातून भांडवल, आणि भांडवलातून आधुनिक युरोप. परीक्षेला एवढं पुरतं, पण नकाशा उघडला की अडचणी सुरू होतात.

इंग्लंडनंतर युरोप खंडावर कारखानदारी आधी आली ती बेल्जियममध्ये, आणि तो देश कॅथलिक. हुंडी, पेढी, द्विनोंदी हिशेब हे सगळं इटलीत, या पंथाचा जनक ल्यूथर याच्या जन्माआधीचं. उलट ज्या जर्मनीत आणि स्वीडनमध्ये हा पंथ राज्याचा धर्म होता, तिथली चर्चं आज रविवारी रिकामी असतात. आणि जिथे तो झपाट्याने वाढतोय (ब्राझील, नायजेरिया) तिथे वेबरच्या व्याख्येतली आधुनिकता आधी आलेली नाही.

तर प्रश्न असे: वेबरचा दावा आकड्यांवर टिकतो का? पंथाने आधुनिकता घडवली असेल तर नेमकी कोणत्या यंत्रणेने? मग आधुनिकतेनेच पंथाला गिळलं कसं? आणि दक्षिण गोलार्धातला प्रोटेस्टंट पंथ ही तीच वस्तू आहे का? श्रद्धा खरी की खोटी, यावर इथे कृपया नको. धर्मांतराचा वाद घालायला दुसरे धागे आहेत.

तळटीप

आकड्यांपासून सुरू करतो, कारण घोळ तिथूनच आहे.

वेबरने हा दावा मांडला त्या १९०४-०५ च्या निबंधाची सुरुवात जर्मनीतल्या बाडेन राज्याच्या आकडेवारीने होते. ती वेबरच्या ऑफेनबाखर नावाच्या विद्यार्थ्याने गोळा केलेली. कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शाळेत कोणत्या धर्माची किती टक्के मुलं, असा तक्ता आहे. त्यातली 'रेआलगिम्नाझिउम'ची ओळ बघा: प्रोटेस्टंट ६९, कॅथलिक ३१, ज्यू ९. बेरीज १०९. स्वीडिश अर्थेतिहासकार कुर्ट सामुएलसन यांनी १९५७ मध्ये हे दाखवलं. ६९ च्या जागी ५९ हवे होते. पन्नास वर्षं हा तक्ता उद्धृत होत राहिला आणि बेरीज कोणी केली नाही!

पण छपाईची चूक ही किरकोळ बाब. मोठी चूक तुलनेत आहे. बाडेनमध्ये तेव्हा ३७ टक्के प्रोटेस्टंट आणि ६१ टक्के कॅथलिक होते, म्हणून शाळेतला प्रोटेस्टंट वाटा फार मोठा दिसतो. मात्र या शाळा सगळ्या राज्यभर सारख्या पसरलेल्या नव्हत्या. ज्या शहरांत त्या होत्या, त्या भागांत प्रोटेस्टंट वस्ती मुळातच जास्त होती. छेदात राज्याऐवजी त्या त्या जिल्ह्याची लोकसंख्या धरली की फरक बराचसा विरघळतो. सामुएलसन यांचा खरा मुद्दा हा होता.

त्यानंतरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. पहिला बेकर आणि व्योसमान यांचा, २००९ चा. त्यांनी प्रशिया या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याच्या १८७१ च्या जनगणनेतले ४५२ जिल्हे घेतले. त्या गणनेत साक्षरता विचारली होती, म्हणून ती सोन्याची खाण आहे. 'श्रीमंत जिल्हे प्रोटेस्टंट झाले की प्रोटेस्टंट झाल्यामुळे श्रीमंत झाले' हा कोंबडी-अंड्याचा पेच सोडवायला त्यांनी विटेनबर्गपासूनचं, म्हणजे ल्यूथरने १५१७ मध्ये जिथून धर्मसुधारणा सुरू केली त्या गावापासूनचं, अंतर वापरलं. प्रशियात सुधारणेची लाट साधारण वर्तुळाकार पसरली, आणि १५१७ च्या आधी विटेनबर्गच्या जवळ असण्याचा शाळेशी किंवा संपत्तीशी संबंध दिसत नाही. निष्कर्ष: प्रोटेस्टंट जिल्हे खरोखर पुढे होते, पण साक्षरतेचा फरक वजा केला की पंथाचा म्हणून वेगळा परिणाम जवळजवळ शिल्लक राहत नाही. म्हणजे धास्तीही नाही आणि काटकसरही नाही. वाचता येणं, बस्स.

दुसरा काँतोनी यांचा. जर्मन भाषक मुलखातली २७२ शहरं, १३०० ते १९०० इतका काळ. शहरांची वाढ हे समृद्धीचं माप. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक शहरांच्या वाढीत त्यांना फरकच सापडत नाही.

दोन्ही एकत्र कसे खरे? पहिला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं एक चित्र आहे, दुसरा सहाशे वर्षांचा प्रवास. साक्षरतेला बाजारात भाव यायला कारखानदारी यावी लागली. त्याआधी नांगर हाकणाऱ्याला बायबल वाचता येत होतं म्हणून पीक जास्त येत नव्हतं.

असे तक्ते वाचताना एक सावधगिरी. प्रशियाच्या पूर्व भागातले कॅथलिक मोठ्या संख्येने पोलिश भाषक होते, आणि शाळा जर्मन राज्याची. तिथली कमी साक्षरता पंथाच्या खात्यावर टाकायची की भाषेच्या? तो भाग वगळून गणित परत करून बघितल्याशिवाय निष्कर्षावर विश्वास ठेवू नये (बेकर-व्योसमान यांनी ते केलं आहे). आणि हे जिल्ह्यांचे आकडे आहेत, माणसांचे नव्हेत. प्रोटेस्टंट जिल्ह्यातला साक्षर माणूस प्रोटेस्टंटच होता, असं त्यातून सिद्ध होत नाही.

पाटीपेन्सिल

तळटीप यांनी 'वाचता येणं' इथे आणून सोडलंय, तिथून पुढे. वाचन आपोआप आलं नाही. 'ल्यूथर म्हणाला बायबल वाचा आणि लोक वाचू लागले' ही शाळकरी समजूत आहे.

आधी पडझड झाली. मठ बंद झाले, त्यांच्या शाळा गेल्या, पाद्री होण्यातला पैसा संपला म्हणून आईबापांनी मुलं काढून घेतली, विद्यापीठांतली भरती १५२० च्या दशकात कोसळली. ल्यूथरने १५२४ मध्ये नगरपालांना शाळा काढा म्हणून जाहीर पत्र लिहिलं, ते या पडझडीमुळे. त्याचा जर्मन नवा करार १५२२ च्या सप्टेंबरात निघाला आणि डिसेंबरात पुन्हा छापावा लागला, इतका खप. पण १५२५ चं शेतकऱ्यांचं बंड झालं, आणि सामान्य माणूस बायबल वाचून काय अर्थ काढेल याची धास्ती सुधारकांनाच वाटू लागली. १५२९ पासून भर आला तो लघु प्रश्नोत्तरीवर, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वं सवाल-जबाबांत मांडणाऱ्या पुस्तिकेवर. ती पाठ करायची असते, वाचता आलंच पाहिजे असं नाही.

खरी यंत्रणा दीडशे वर्षांनंतरची आहे, आणि तिच्यात सक्ती आहे. स्वीडनचा १६८६ चा चर्च कायदा घ्या. पाद्रीने दरवर्षी आपल्या हद्दीतल्या घराघरांची परीक्षा घ्यायची. गावचे लोक एका घरी जमायचे, प्रत्येकाला वाचायला लावायचं, प्रश्नोत्तरी विचारायची आणि वहीत नावापुढे खुणा करायच्या: वाचन कसं, पाठांतर कसं, समज कशी. ज्याला येत नाही त्याला प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षारसाचा विधी) नाही, आणि प्रभुभोजन नाही तर लग्न नाही. तरुण पोराला अक्षरओळख करून द्यायला याहून चांगलं आमिष कुठलं असणार! शिकवायचं कोणी? आईबापांनी, घरीच. शाळा फारशा नव्हत्याच. गावोगाव शाळा काढण्याचा कायदा स्वीडनमध्ये १८४२ चा. म्हणजे जवळपास सगळा देश वाचू लागला तो शाळा नसताना.

आणि लिहिता येत नव्हतं! त्या परीक्षेत लेखन नव्हतंच. म्हणून जे अभ्यासक लग्नाच्या नोंदवहीतल्या सह्या मोजून साक्षरता काढतात, त्यांच्या हिशेबात स्वीडन मागासलेला दिसतो. सही हे लेखनाचं माप आहे, वाचनाचं नाही. युरोपची तुलना करणारे तक्ते बघताना माप कोणतं, हे आधी विचारा.

स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. १६९६ च्या कायद्याने प्रत्येक चर्चहद्दीत शाळा आणि मास्तर सक्तीचे, मास्तरचा पगार १०० ते २०० मर्कच्या (जुनं स्कॉटिश नाणं) दरम्यान, आणि पैसे जमीनदारांनी द्यायचे. मॅसॅच्युसेट्सचा १६४७ चा कायदा: ५० घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा, १०० घरं झाली की लॅटिन शाळा, नाही काढली तर दंड पाच पौंड. कायद्याच्या प्रस्तावनेत कारणही दिलंय: सैतान माणसांना धर्मग्रंथापासून दूर ठेवतो, त्याचा डाव हाणून पाडायला.

या तिन्हींत समान काय? धर्माची गरज, राज्याचा हुकूम, स्थानिक पैसा आणि वर्षाला होणारी तपासणी. चारांतलं एक जरी निखळलं तरी यंत्र बंद पडतं. जर्मन संस्थानांत हुकूम सोळाव्या शतकापासून निघत होते (व्युर्टेंबर्गचा १५५९ चा), पण पैसा आणि तपासणी नसेल तिथे ते कागदावर राहायचे. प्रशियाचा १७६३ चा सक्तीच्या शिक्षणाचा फर्मान खेड्यांत कित्येक दशकं लंगडतच होता.

शेवटची कडी जर्मनीतल्या हाल्ले शहराची. तिथे फ्रांके या पाद्रीने १६९५ पासून अनाथाश्रम, शाळा, औषधालय आणि छापखाना असा मोठा पसारा उभा केला. १७१० मध्ये तिथेच कान्स्टाइनची बायबल संस्था निघाली. तिची युक्ती साधी होती: सगळ्या बायबलचे छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) एकदा जुळवायचे आणि सोडायचेच नाहीत. दर आवृत्तीला नव्याने जुळणी नाही, म्हणून किंमत इतकी उतरली की शेतमजुरालाही प्रत परवडावी. भांडवल अडकतं ते शिशात, वाचतं ते जुळाऱ्याच्या मजुरीत.

याच हाल्लेतून त्सीगेनबाल्ग हा मिशनरी १७०६ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरला. त्याच परंपरेतला श्वार्त्झ पुढे तंजावरला आला, आणि तुळजाजी राजांनी दत्तक मुलगा त्याच्या हाती सोपवला. तेच दुसरे सरफोजी. तंजावरच्या मराठी दरबारात देवनागरी छापखाना, शाळा, शरीरशास्त्राची चित्रं, सरस्वती महाल ग्रंथालयाचा वाढलेला संग्रह, हे सगळं त्यांच्या कारकिर्दीतलं. श्वार्त्झ वारल्यावर सरफोजींनी शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्याचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ख्रिस्ती मात्र ते कधी झाले नाहीत. शाळा घेतली, छापखाना घेतला, पंथ घेतला नाही. हा नमुना पुढे जगभर दिसतो, आणि अडकित्ता यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

तिरकस कोन

सगळे प्रोटेस्टंटांना पुढारलेपणाची पदकं वाटतायत म्हणून एक तारीख सांगतो. ग्रेगरी पोपने १५८२ मध्ये दिनदर्शिका दुरुस्त केली, खगोलगणित बरोबर होतं, केप्लरसारख्या प्रोटेस्टंट गणित्याने तिची बाजू घेतली. तरी जर्मन प्रोटेस्टंट संस्थानांनी ती १७०० मध्ये, इंग्लंडने १७५२ मध्ये आणि स्वीडनने १७५३ मध्ये स्वीकारली. का, तर पोपची. म्हणजे न्यूटनच्या देशात १७० वर्षं चुकीची तारीख चालू होती.

विचारस्वातंत्र्याचंही तेच. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात सर्व्हेटस या वेगळी मतं मांडणाऱ्या विद्वानाला १५५३ मध्ये जिवंत जाळलं. धर्मस्वातंत्र्य आलं ते राजधर्म झालेल्या प्रोटेस्टंटांकडून नाही. बाप्टिस्ट, क्वेकर अशा मार खाणाऱ्या गटांनी ते मागून घेतलं. रॉजर विल्यम्स या पाद्रीला मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनीच (तिथले कर्मठ कॅल्व्हिनपंथी) हाकललं, तेव्हा त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स ही वसाहत वसवली. 'प्रोटेस्टंट' असा एकच गठ्ठा धरून काहीही सिद्ध करता येतं.

अडकित्ता

तिरकस कोन, मान्य. गठ्ठा सोडवूनच बोलू. पाटीपेन्सिल, चार भागांचं यंत्र पटलं. आता उलट दिशा: ते यंत्र चर्चच्या हातातून सुटलं कसं, आणि आज जर्मनीत नेमकी स्थिती काय?

राईनकाठी

स्थिती आधी. जर्मनीच्या एकत्रित प्रोटेस्टंट चर्चचे सभासद २०२४ अखेर १ कोटी ८० लाखांच्या आसपास. १९५० मध्ये पश्चिम जर्मनीत निम्मे आणि पूर्व जर्मनीत पाचांतले चार लोक प्रोटेस्टंट होते. २०२३ या एका वर्षात सुमारे ३ लाख ८० हजारांनी राजीनामा दिला, साधारण ३ लाख ४० हजार वारले, आणि बाप्तिस्मे झाले १ लाख ४० हजार. वर्तमानपत्रं पहिलाच आकडा छापतात. पण सगळे राजीनामे उद्या थांबले तरी मृत्यू आणि बाप्तिस्मे यांतल्या फरकाने चर्च आटतच राहील. ज्या विटेनबर्गपासून अंतरं मोजायची, ते ज्या राज्यात आहे त्या साक्सन-आनहाल्टमध्ये आज दहा-बारा टक्के लोकच प्रोटेस्टंट आहेत.

राजीनामा हा शब्द मुद्दाम वापरला, कारण तिथे चर्चमधून बाहेर पडणं ही सरकारी प्रक्रिया आहे. १९१९ च्या वायमार घटनेने राजधर्म संपवला, पण चर्चला कर लावण्याचा हक्क ठेवला, आणि आजच्या घटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. चर्चकर म्हणजे तुमच्या आयकराच्या ९ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये ८ टक्के. उत्पन्नाच्या नव्हे, आयकराच्या. ही गफलत फार होते. वर्षाचा आयकर ८,००० युरो असेल तर चर्चकर ७२० किंवा ६४०. पगारातूनच कापला जातो, वसूल सरकारी कर कार्यालय करतं आणि त्याबद्दल दोन ते चार टक्के हमाली ठेवून घेतं. भरलेला चर्चकर विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवता येतो.

नगर, पुणे, कोल्हापूरकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदांपैकी जे नोकरीला जर्मनीत जातात, त्यांच्यासाठी हे नीट सांगायला हवं. शहरात पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे 'एव्हांगेलिश' लिहिलंत आणि तुमचा बाप्तिस्मा झालेला असेल तर तुम्ही तिथल्या प्रोटेस्टंट चर्चचे सभासद ठरता आणि पहिल्या पगारापासून कर सुरू होतो. ते हवं असेल तर उत्तम, पण न कळता लिहू नये. नंतर बाहेर पडायचं तर राज्यागणिक नगर-नोंदणी कार्यालयात किंवा न्यायालयात स्वतः जाऊन अर्ज करावा लागतो. शुल्क काही ठिकाणी शून्य, बऱ्याच ठिकाणी तीस युरोंच्या आसपास. मिळालेला दाखला जन्मभर जपायचा. गाव बदललं की दहा-पंधरा वर्षांनीही तो मागितला जातो, आणि नसेल तर सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर.

आता कारण. पाटीपेन्सिल यांच्या यंत्राचे भाग एकेक करून राज्याने उचलले: शाळा, जन्म-लग्न-मृत्यूची नोंद, गरिबांची मदत, दवाखाने. चर्चने विरोध केला नाही, कारण पाद्री हा तिथे निम्मा सरकारी नोकरच होता. स्वीडनमध्ये तर लोकसंख्येची नोंदवही १९९१ पर्यंत चर्चकडे होती! ती कर कार्यालयाकडे गेली, २००० साली चर्च राज्यापासून वेगळं झालं. १९७२ मध्ये ९५ टक्के सभासद होते, आज निम्म्याच्या जरा वर. स्मशानं अजून बहुतेक ठिकाणी चर्चच सांभाळतं, आणि सभासद नसलेल्यांनाही अंत्यविधीची पट्टी भरावी लागते. राज्याच्या वतीने करायचं हे शेवटचं काम उरलंय.

पूर्व जर्मनीत हे घाईने झालं. १९५४ पासून सरकारने चर्चच्या दृढीकरण विधीला (किशोरवयीन मुलाने बाप्तिस्म्याची श्रद्धा स्वतः कबूल करण्याचा विधी) पर्याय म्हणून स्वतःचा 'युवा दीक्षा' समारंभ आणला. चौदाव्या वर्षी मुलाने दोन्हींपैकी कोणता निवडला यावर पुढचं शिक्षण अवलंबून राहू लागलं. स्वीडनमध्ये लग्नासाठी वाचन, इथे कॉलेजसाठी नास्तिकता. पेच तोच, फक्त उलटा फिरवलेला. एका पिढीत साखळी तुटली. ती १९८९ नंतरही जोडली गेली नाही, जरी त्या वर्षी लाइपझिगच्या निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनांतूनच मोर्चे निघाले होते. लोक चर्चमध्ये आले, सरकार पडलं, लोक घरी गेले.

जुनं जोखड

राईनकाठी यांचं यंत्राचे भाग राज्याने उचलल्याचं वर्णन बरोबर आहे, पण त्यात विचारांचा इतिहास गळतो. चर्चने फक्त कामं दिली नाहीत, स्वतःचा निकषही देऊन टाकला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्यापीठांतला प्रोटेस्टंट पंथ म्हणजे हार्नाकसारखे विद्वान. चमत्कार वजा, कर्मठ सिद्धांत वजा. उरतो तो देवाचं पितृत्व, माणसाच्या आत्म्याचं अमोल मोल आणि सदाचार. हे सुसंस्कृत नागरिकाच्या नीतीशी इतकं तंतोतंत जुळत होतं की दोहोंत फट राहिली नाही. मग १९१४ च्या ऑक्टोबरात ९३ जर्मन विद्वानांनी युद्धाच्या समर्थनाचं पत्रक काढलं आणि त्यावर हार्नाकचीही सही होती. स्वित्झर्लंडमधल्या झाफेनविल या गावचा तरुण पाद्री कार्ल बार्थ त्याचाच विद्यार्थी. ज्या धर्मशास्त्राला आपल्या संस्कृतीविरुद्ध 'नाही' म्हणता येत नाही त्याचा पाया कुजका आहे, असा त्याने निष्कर्ष काढला.

ही नुसती पंडिती भांडणं नव्हती. जुलै १९३३ च्या चर्च निवडणुकांत नाझीधार्जिण्या 'जर्मन ख्रिस्ती' गटाला दोन तृतीयांशांच्या आसपास मतं मिळाली. मतदार कोण? तेच साक्षर, शिस्तबद्ध, काटकसरी सभासद. विरोध संघटित झाला मे १९३४ मध्ये, बार्मेनच्या जाहीरनाम्यातून, आणि त्याचा मुख्य मसुदाकार बार्थच होता. जाहीरनामा चर्चच्या स्वातंत्र्यावर ठाम आहे. ज्यूंच्या छळाबद्दल त्यात अवाक्षर नाही. ही त्रुटी पुढे बार्थनेही कबूल केली.

अमेरिकेने दुसरं टोक गाठलं. तिथे आधुनिक शास्त्राशी जुळवून घेणाऱ्यांविरुद्ध मूलतत्त्ववादी उभे राहिले, आणि १९२५ मध्ये टेनेसीच्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या मास्तरला शंभर डॉलर दंड झाला. आज तिथे प्रोटेस्टंट ४० टक्के. २००७ मध्ये ५१ होते. जुळवून घेणारी जुनी चर्चं आधी आणि जास्त घटली. मात्र 'कडवी चर्चं टिकतात' हा सोपा धडा यातून काढू नये. कडव्या चर्चांत बराच काळ मुलं जास्त जन्मत होती, तो वाटा आधी वेगळा काढावा लागतो.

केडगाव गाडी

दक्षिण गोलार्धाबद्दल. प्यू या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेच्या २०१० च्या अंदाजात जगात ८० कोटी प्रोटेस्टंट होते. त्यांत सहाराखालच्या आफ्रिकेचा वाटा ३७ टक्के, युरोपचा १३. नायजेरियात जर्मनीच्या दुपटीहून जास्त. ब्राझीलच्या जनगणनेत 'एव्हांजेलिको' (तिथे प्रोटेस्टंटांना हाच शब्द) १९८० मध्ये ६.६ टक्के होते, २०२२ मध्ये २६.९.

यातला मोठा भाग पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारा, आणि त्याची सुरुवात लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर १९०६ मध्ये झाली असं सरसकट सांगितलं जातं. ते अपुरं आहे. जून १९०५ मध्ये दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये तसंच पुनरुज्जीवन (सामूहिक प्रार्थनेतून श्रद्धेची उसळलेली लाट) सुरू झालं होतं, आणि ते अनुभवणाऱ्या होत्या दुष्काळातून वाचवलेल्या मराठी मुली आणि विधवा. तिथल्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली आणि एक प्रत चिलीतल्या वाल्पाराइझोला आपल्या मैत्रिणीकडे, मेथॉडिस्ट पाद्री हूवर यांच्या पत्नीकडे, धाडली. तिथे १९०९ मध्ये तेच घडलं. पुढच्या वर्षी हूवर मेथॉडिस्ट चर्चमधून बाहेर पडले, आणि चिलीचं पेंटेकोस्टल चर्च उभं राहिलं. धागा कॅलिफोर्नियातून गेलेला नाही, पुणे जिल्ह्यातून गेलाय.

ही तीच वस्तू आहे का? वाचनाच्या बाबतीत नाही. इथे केंद्र ग्रंथ नसून साक्ष, गाणं आणि आजारातून बरं होणं आहे; निरक्षर माणूसही पहिल्या दिवशी बोलू शकतो. म्हणून ते पसरायला शाळा लागत नाही. पाद्रीला पदवी लागत नाही, भाड्याचं दुकान आणि प्लास्टिकच्या खुर्च्या पुरतात, खर्च सभासदांच्या उत्पन्नाच्या दशमांशातून. बिघाडही त्याच जागी होतो: हिशेब तपासणारं वर कोणी नाही, पाद्रीचं पटलं नाही की फूट, आणि 'दान द्या, देव दसपटीने परत देईल' या समृद्धीच्या शिकवणीला आवर घालणारी परिषद नाही.

घरखर्चाच्या बाबतीत मात्र वेबरची सावली दिसते. नवरा दारू, जुगार आणि बाहेरख्यालीपणा सोडतो आणि तो पैसा घरी राहतो. लॅटिन अमेरिकेत या चर्चांत बायका संख्येने जास्त आहेत, त्याचं हे एक रोकडं कारण. भांडवल साचतं असं नाही, पण मुलांची फी भरली जाते.

नायजेरियाचं उदाहरण राईनकाठी यांच्या मुद्द्याला उलटीकडून जुळतं. 'रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉड' १९५२ मध्ये निघालं. १९८१ पासून त्याचे प्रमुख आहेत एनोक अडेबोये, गणितातले डॉक्टरेट. लागोस-इबादान महामार्गावर त्यांची वसाहत आहे: घरं, रस्ते, शाळा, दवाखाना, बँका, स्वतःचं वीजनिर्मिती केंद्र. सरकारी वीज जिथे भरवशाची नाही तिथे चर्च वीज देतं. सरकारने उद्या ती नीट पुरवली तर काय होईल, याचा अंदाज स्वीडनवरून बांधता येतो.

तळटीप

मिशनऱ्यांचा विषय निघालाच आहे तर वूडबेरी यांचा २०१२ चा निबंध कोणीतरी आणेलच, म्हणून आधीच सांगतो. धर्मप्रसारक प्रोटेस्टंट मिशनरी जिथे जास्त होते तिथे लोकशाही जास्त रुजली, असा त्यांचा दावा. तर्क चांगला: छपाई, मुलींच्या शाळा, स्वयंसेवी संस्था. पण २०२० मध्ये निकोलोवा आणि पोलान्स्की यांनी लोकशाही मोजण्याची वेगळी मापं घालून तेच गणित केलं तर निकाल टिकला नाही. शाळा आणि छापखाने यांचा परिणाम मान्य करावा, लोकशाहीचा थांबून.

पाटीपेन्सिल

न्यायमूर्ती रानड्यांनी महाराष्ट्रातल्या संतचळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली होती, तीही याच मापाने तपासावी. देशी भाषा, पुरोहिताच्या मध्यस्थीला नकार, कनिष्ठ जातींतले संत, इथवर साम्य आहे. पण वारकरी परंपरा कीर्तनाची, म्हणजे ऐकण्याची. गाथा पाठ असायला अक्षरओळख लागत नाही. दिंडी आहे, फड आहे. हद्दीतल्या प्रत्येक घराची वर्षाला परीक्षा घेणारा, न येणाऱ्याचं लग्न अडवणारा पाद्री नाही, आणि सुदैवाने नाही. यंत्राचे चारही भाग नसल्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मराठी मुलखात साक्षरता वाढली नाही, यात संतांचा दोष शोधण्याचं कारण नाही. मराठीत छापील शाळापुस्तकं आणि मुलींच्या शाळा आल्या त्या एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांत १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनचा वाटा मोठा. जोतिराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्याच शाळेत शिकले. इथेही तंजावरचाच नमुना: शाळा घेतली, पंथ नाही.

अडकित्ता

बरंच हाती लागलं. एक शेवटचं: बेकर-व्योसमान यांच्यासारखं काही अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यासाठी करायचं झालं तर आकडे मिळतील का? आजच्या जनगणनेत 'ख्रिस्ती' एवढंच दिसतं.

तळटीप

आजच्या जनगणनेतून नाही, तिथे पंथवार फोड छापत नाहीत. १९०१ आणि १९११ चे मुंबई इलाख्याचे खंड घ्या. त्यांत ख्रिस्त्यांची पंथवार विभागणी आहे, आणि शिक्षणाचे तक्ते धर्मवार आणि निवडक जातवार आहेत.

तीन खड्डे आहेत. पहिला, तुलना कोणाशी. नगरकडचे बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले, त्यामुळे त्यांची साक्षरता त्याच तालुक्यातल्या त्याच जातींशी ताडून बघायची. जिल्ह्याच्या सरासरीशी किंवा ब्राह्मणांशी ताडली तर काहीच कळणार नाही. दुसरा, दुष्काळ. १८७६-७८ आणि १८९९-१९०० नंतर मिशनच्या वसतिगृहांत अनाथ मुलं मोठ्या संख्येने आली. एकट्या केडगावात जवळपास दोन हजार मुली आणि बायका होत्या. अशी एक संस्था तालुक्याची साक्षरता एकदम उचलते, पण ती गावातल्या ख्रिस्ती घरांची साक्षरता नव्हे. म्हणून वसतिगृहं असलेली गावं वगळून एकदा आणि धरून एकदा, असं दोनदा मोजा. तिसरा, मिशन केंद्रापासूनचं अंतर हे विटेनबर्गसारखं वापरता येणार नाही. मिशनऱ्यांनी केंद्रं मुद्दाम मोठ्या रस्त्यांजवळ आणि बाजारगावांत काढली, आणि तिथे शाळा त्यांच्याशिवायही आधी आली असती. रस्त्यापासूनचं अंतर गणितात वेगळं धरा, मग काय उरतं ते बघा.

आणि तक्त्याची बेरीज आधी करून घ्या.